काचेला पडदा

भावजी,

खोलीचा फोटो मागू नका. तुमच्या भावाचं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा पडल्या पडल्या बाग दिसावी म्हणून मागची भिंत पाडून तुम्ही काचेची खोली काढून दिलीत. झकास झाली. उजेडाला तोटा नाही. पण हे काचेकडे बघेनातच. शेवटी मी वैतागले, "अहो, तुमच्यासाठी भिंत पाडली, बघा तरी!"

"काय बघू? तू खुरपतेस आणि मी लोळतो. पडदा लाव."

लावला. चांगला जाड लावला. आता दुपारी पडदा आणि काचेच्या मधे स्टूल टाकून बसते. समोर बाग वाळतेय. उठावंसं वाटत नाही.

पडद्याआडून हे विचारतात, "गुलाबाला पाणी घातलंस का गं?"

"घातलं," म्हणते.

तुमची,
वहिनी