तीन मिनिटांत संपणारं गाणं

४ मार्च १९८०
निश्चय: आमच्या बँडमध्ये तीन मिनिटांहून लांब गाणं होणार नाही. पॉवर पॉप म्हणजे खणखणीत गिटार, गोड चाल, मुलगी नाही म्हणते, टाळ्या, कोरस, खलास. ॲक्रन शहराला याहून जास्त काही लागत नाही. मला तर नाहीच.

७ मार्च
एमेट सरावाला ग्रेटा नावाची मुलगी घेऊन आला. एमेट माझा मेव्हणा. बास वाजवतो, मन लावून नाही. ग्रेटा आर्ट कॉलेजात शिकते, सोबत सिंथेसायझर, म्हणजे कळ दाबली की हवा तो आवाज काढणारं मशीन. तिचं गाणं एका फ्रिजबद्दल. सहा मिनिटं, कोरस नाही. फ्रिज बंद पडतो, गाणं चालूच. सभ्यपणे ऐकून घेतलं. मग माझं ‘शेरिल, फोन उचल’ ऐकवलं. म्हणाली, टाळ्या छान आहेत, बाकीचं काढता येईल. एकंदरीत छाप पडली.

९ मार्च
तिची कॅसेट घरी आणली. शत्रूचा अभ्यास हवा. आधी नुसती झोप येते. चौथ्या मिनिटाला चाल अचानक खाली उतरते, तिथे छातीत काहीतरी होतं. कॅसेट खराब असावी.

१० मार्च
खराब आहे का ते तपासलं. चारदा. नाही.

१३ मार्च, संध्याकाळ
दारातल्या गाडीत बसून ऐकत होतो. बायकोने, नोरीनने, काच वाजवली. विचारलं, रडतोयस का. म्हटलं, सर्दी. म्हणाली, आपल्या लग्नाच्या दिवशीही नव्हती झाली इतकी.

१५ मार्च
मोठ्या मनाने एका कलात्मक गाण्याला परवानगी दिली. अट: सगळ्यात शेवटी, लोक कोट घालत असताना. निषेध म्हणून मी गिटारवर पूर्ण वेळ एकच सूर वाजवणार.

२२ मार्च
बोलिंग क्लबमध्ये कार्यक्रम. ‘शेरिल’ सुरू होताच जोरदार टाळ्या. नंतर कळलं, तिकडे कोणीतरी एका चेंडूत सगळ्या पिना पाडल्या होत्या. कोरसला सगळे बिअर आणायला गेले. मग फ्रिजचं गाणं. चौथ्या मिनिटाला खेळ थांबला. एक म्हातारा चेंडू कडेवर घेऊन तसाच उभा. सगळ्यांना माझ्या सुरानेच धरून ठेवलं, हे उघड आहे. कोणी तसं कबूल केलं नाही. लाजले असतील.

२५ मार्च
एमेटने ॲपल पाय खायला नेलं. क्लीव्हलँडच्या क्लबने बोलावलंय: ग्रेटाला, त्याला आणि ड्रमवाल्या लॉनीला. विचारलं, गिटार? तो म्हणाला, डेल, तुझा सूर तिने मशीनमध्ये भरून घेतलाय. कळ दाबली की येतो. राग नको धरूस. म्हटलं, राग कसला, हा तर गौरव. मग त्याने माझी स्टेशन वॅगन मागितली. सिंथेसायझर त्याच्या गाडीत मावत नाही. गाडी मी कोणाच्या हातात देत नाही. त्यामुळे मला जावंच लागणार.

२९ मार्च, क्लीव्हलँड
स्पीकर उचलून आत नेला, भिंतीशी उभा राहिलो. चौथं मिनिट आलं. माझा सूर किंचित चढा होता, पण माझाच. डोळे पुसतोय तोच एक कोटवाला गृहस्थ जवळ आला. विचारलं, या बँडचे तुम्हीच का. ताठ झालो. म्हटलं, हो, बँड माझाच, माझ्या गॅरेजात जन्मला. म्हणाला, मग ती वॅगन जरा हलवा, बिअरचा ट्रक अडकलाय.
परत आलो तेव्हा गाणं संपलं होतं. टाळ्या मात्र बाहेरपर्यंत ऐकू आल्या.