सायकलीची जागा

प्रिय बुरुलाय,

तुझी आई म्हणते, शुक्रवारी पोर येतेच आहे, मग कागद कशाला काळा करताय, काय ते तोंडावर बोला. पण तोंडावर मला काही धड बोलता येत नाही, हे तुम्हा दोघींनाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र बिश्केकच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीबरोबर देतोय. बरणी मागाहून उघड. शनिवारी जिर्गालानच्या शर्यतीला तुझी सायकल माझ्या गाडीतून न्यायची की नाही, ते तू हे वाचून ठरवायचं आहेस.

तुझा फोनवरचा निरोप मी सात-आठ वेळा ऐकला. तीन वर्षांनी तुझ्या तोंडून बापाला मारलेली 'अता' ही हाक ऐकली. मधल्या काळात तू आईला विचारायचीस, "ते बरे आहेत ना?" जसा काही मी शेजारच्या गल्लीतला कुणी होतो. आणि आता म्हणतेस, "अता, मी तेव्हा फार तोडून बोलले. वाटेत म्हाताऱ्या माणसांनी हात केला तर तुम्ही तरी काय करणार होतात? आपल्याकडे कुणी वेगळं केलं असतं? या वेळी मला तुमच्याच गाडीतून न्या." आईनं डोक्याच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. मी अंगणात जाऊन गाडी धुवायला घेतली. ती सकाळीच धुतलेली होती.

त्या दिवसापासून माझा अभ्यास चालू आहे. बावीस वर्षं मी काराकोलच्या अड्ड्यावरून सवाऱ्या वाहतोय. या एवढ्याशा होंडात मी लोखंडी चूल नेली, नवरीची रुखवताची पेटी नेली, डिकीतून मेंढ्या तर किती नेल्या त्याचा हिशेब नाही. मेंढीचं बरं असतं, पाय बांधले की ती स्वतःला जागेत बसवून घेते. सायकल तसं काही करत नाही. तिचं हँडल कुठून आत येईल आणि पेडल कुणाच्या बरगडीत जाईल, सांगता येत नाही. म्हणून शेजारच्या गेन्नादी गुरुजींची सायकल मागून आणली. त्यांनी शाळेत भूगोल शिकवणं सोडलं तरी शिकवायची खोड गेलेली नाही. फाटकाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "शार्बेक, चाक काढल्यावर ब्रेकची मूठ दाबू नकोस हं." मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या जन्माआधीपासून आमच्या घरात चाकं आहेत." आणि सायकल उचलताना नेमकी मूठ दाबली. ब्रेकच्या आतल्या दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटल्या आणि चाक काही केल्या परत बसेना. गुरुजी तासभर स्क्रूड्रायव्हरने त्या सोडवत होते आणि मी मान खाली घालून चहा आणून देत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालं. आता चाक काढल्याबरोबर मी त्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालतो.

तर आता असं जमलंय. मागच्या सीटची मोठी बाजू वर उचलायची, म्हणजे खाली पोकळी होते. पुढचं चाक काढलं की सायकल तिथे उभीच्या उभी राहते. खाली लोकरी गालिच्याचा तुकडा, साखळीवर जुनी चादर, आणि दोन ठिकाणी पट्टे. उरलेल्या एका जागेवर तू, पुढे आई. तिला यायचंच आहे. तळलेल्या बोरसोकांचं पातेलं मांडीवर घेऊन बसेन, पण येईन, म्हणते. सायकल पाहून हसली आणि म्हणाली, "माझ्या बापाचा घोडा माणसाला घेऊन जायचा. हिच्या घोड्याला माणसाची जागा द्यावी लागते!" पण तो पट्टा नीट आवळला का, ते तिनंच दोनदा ओढून पाहिलं.

रविवारी जिर्गालानला जाऊन आलो. वरच्या कुरणापर्यंत गाडी जाते, पुढे चालत गेलो. शर्यतीचा तो उतार पुन्हा पाहिला. या वर्षी तो दगडी टप्पा काढतील अशी मला आशा होती. काढलेला नाही. उलट खाली लाकडाची एक उडी वाढवली आहे. आयोजकांपैकी एका पोरीला मी विचारलं, "इथे पडलं तर?" ती म्हणाली, "काका, पडणारे पडतात, उठतात. तुमचं कोण आहे?" मी म्हटलं, मुलगी. ती म्हणाली, "मग खाली शेवटच्या रेषेपाशी उभे राहा. इथे उभं राहिलेल्या आईबापांचे चेहरे पाहूनच आमचे खेळाडू घाबरतात."

तू वाचता वाचता थांबली असशील. 'पुन्हा' कसं, म्हणून. मी तो उतार आधी पाहिल्याचं तुला कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, सवारी सोडायला वर गेलो होतो तेव्हा पाहिला होता. त्याच वेळी त्या दगडी टप्प्यावरून अल्माटीच्या एका मुलाला चार जण उचलून खाली आणत होते. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही. पण त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि वय तुझ्याएवढंच. मी घरी आलो, तर तू अंगणात बसून साखळीला तेल घालत होतीस आणि गात होतीस. पहिल्या दोघींत आले तर अल्माटीच्या संघाबरोबर सराव करायला मिळेल, हे तू मला त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा सांगितलंस. जाऊ नकोस, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. पण तू ऐकलं नसतंस, भांडण झालं असतं आणि तू तरीही गेली असतीस.

दुसऱ्या दिवशीचं तुला सगळं पाठ आहे. तेव्हा मला सीट उचलायची युक्ती माहीत नव्हती. सीट पाडून सायकल आडवी घातली होती, आणि तू तिच्या पलीकडे अंग चोरून, चाक मांडीवर घेऊन, कानात गाणी लावून बसली होतीस. आक-बुलुनच्या पुढच्या वळणावर मी गाडी थांबवली, खाली उतरलो. मग दार उघडून तुला म्हटलं, तोकोन आजोबा आणि आजी आहेत, तोयच्या जेवणावळीला निघालेत, बरोबर मेंढी आहे, त्यांना सोडायला हवं. सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवू, दहा मिनिटांत परत येऊ. तू दुकानाकडे पाहिलंस, आजोबांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलंस आणि सायकल उतरवलीस. मेंढी डिकीत गेली. तोयच्या दारात मला म्हणाले, निदान नानचा तुकडा मोडून जा. भरल्या घरातून भाकरी न चाखता जायचं नाही, हे तुलाही माहीत होतं. मी तुकडा मोडला. मग चहा आला, मग मटण, मग तोकोन आजोबांनी हात वर करून तुझ्यासाठी लांबलचक आशीर्वाद म्हटला. तू हातांची ओंजळ धरून बसली होतीस आणि तुझे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. आपण सायकल घेऊन वर पोचलो तेव्हा शर्यत सुटून दोन तास झाले होते. आठवड्याभरात तू बिश्केकला गेलीस.

गावानं माझं कौतुकच केलं. शार्बेकनं पोरीची शर्यत सोडली, पण म्हाताऱ्यांना रस्त्यावर सोडलं नाही. मी ते ऐकून घेतलं. तू रागावलीस तेही ऐकून घेतलं, कारण तुझा राग त्या रीतीवर होता आणि तो मला सोसत होता. आता तू त्याच रीतीसाठी मला माफ केलंस, ते मात्र सोसवत नाही. तोकोन आजोबा गेल्या वर्षी वारले, आजी त्यांच्याही आधी. आता हे सांगणारा मी एकटाच उरलोय.

त्या दिवशी कुणीच हात केला नव्हता, बुरुलाय. ते दोघं आपल्या मुलाच्या गाडीची वाट पाहत उभे होते. मी उतरून त्यांना चला म्हटलं. आजोबा म्हणाले, "अरे, पोरगा येतोच आहे, तू कशाला वाकडी वाट करतोस?" मी दोनदा आग्रह केला आणि मेंढीचा दोर माझ्या हातानं त्यांच्या हातातून घेतला. मी घाबरलो होतो, आणि ते तुला सांगायची लाज वाटली, म्हणून एका म्हाताऱ्याच्या दाढीआड लपलो. तुला कळू दिलं असतं तर तू मला भित्रा म्हणाली असतीस, आणि शर्यतीला वेळेवर पोचली असतीस. मी अजूनही घाबरतो. शनिवारी सकाळी सात वाजता गाडी दारात उभी असेल, मागची सीट वर उचललेली असेल. माझ्याबरोबर यायला मन नसेल तर गेन्नादी गुरुजींच्या गाडीच्या टपावर सायकलीचा कठडा आहे, त्यांना मी विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत. तू कुणाच्याही गाडीतून वर ये. मी खाली शेवटच्या रेषेपाशी उभा असेन.

तुझाच,
भित्रा अता