समुद्राला द्यायचे भेंड

मामा,

मी, तुमचा थोरला जावई, वय वर्षे पंच्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, धंदा सुतारकाम, आता निवृत्त, राहणार परळ, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाखाली नसताना पुढील मजकूर स्वहस्ते लिहीत आहे. नाव लिहीत नाही. सासरा या नात्याने तुम्ही ते हयातीत एकदाही उच्चारले नाही. लग्नानंतर मला "जावयानू" म्हणालात, लग्नापूर्वी "मेल्या" म्हणालात, आणि दोन्ही मी मान देऊनच ऐकून घेतले. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे की लालबागच्या तुमच्या दुकानाच्या जागी प्रथम झेरॉक्सचे दुकान आले, आणि आता तेही राहिलेले नाही.

लिहिण्यास कारण तुमची पणती, म्हणजे माझी नात. ती इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकते आणि तिथल्या मंडळींबरोबर लहान विमाने बनवून उडवते. गेल्या महिन्यात ती फोन आपटून माझ्यासमोर येऊन बसली. "आजोबा, किट येतच नाहीये. बाल्साचं हलकं लाकूड जगात कुठेच मिळत नाहीये म्हणे. पवनचक्क्यांच्या पात्यांत भरतात तो, सगळा तिकडेच चाललाय." हे ऐकून मला हसू आले. ती चिडली. "हसताय काय? आमची स्पर्धा बुडतेय!" मी म्हणालो, "माझीही बुडत होती." मग मी तिला भेंडाच्या विमानाची हकीकत सांगितली. सांगताना एक गोष्ट मात्र मी वगळली. ती ऐकण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे, म्हणून हा कागद घेतला.

तुम्हाला पुष्कळ ठाऊक आहे, तरी जबाब पहिल्यापासूनच द्यावा लागतो. मी मिलच्या सुतार खात्यात होतो. आमच्या एका साहेबांनी खेळातल्या विमानाचा मोडलेला पंख जोडण्यासाठी माझ्याकडे आणला. तोपर्यंत मी साग, शिसव, देवदार हाताळले होते. बाल्सा तेव्हा प्रथम हातात आला. लाकूड आहे असे डोळे सांगत होते आणि हात ते मानायला तयार नव्हता. पंख मी असा जोडला की साहेब मला रविवारी मैदानावर घेऊन गेले. तिथे गिरगावातले वकील, बँकेतले कारकून आणि कॉलेजचे विद्यार्थी रबराला पीळ देऊन विमाने सोडत. मला ते मिस्त्री म्हणत. वर्षभरात मिस्त्रीचे विमान त्यांच्यापेक्षा अधिक वेळ हवेत राहू लागले, हे मी अभिमानाने नमूद करतो.

पुढे परदेशी मालाचे परवाने आखडले. गिरगावच्या ज्या दुकानात काचेमागे किटच्या रंगीत पेट्या रचलेल्या असत, तिथे खेळण्यातल्या बाहुल्या आल्या. मी दर आठवड्याला चौकशीला जाई. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "मिस्त्री, परकीय चलन पोलादाला पुरत नाही, तुमच्या खेळाला सरकार कुठून देणार? पतंग उडवा, पतंग!" मग मी स्वतःच पर्याय शोधू लागलो. पांगारा तासून पाहिला, तो जड झाला. सावर स्पंजासारखी सरस पिऊन बसली. बांबूच्या कामट्या चिवट होत्या, पण नुसत्या कामट्यांवर विमान होत नाही. मैदानावरची मंडळी एकेक करून यायची थांबली. ज्यांची विमाने मोडली, त्यांना ती दुरुस्त करता येईनात.

अशात आमच्या चाळीत एक लग्न झाले. वरातीत नवऱ्याचे बाशिंग सुटले, ते मी वरच्या वर झेलले आणि तसाच उभा राहिलो. हाताला वजन लागत नव्हते. नवरा म्हणाला, "अरे, देतोस का आता? की तुलाच चढायचंय घोड्यावर?" दुसऱ्या दिवशी मी ते बाशिंग जिथून आले होते, त्या तुमच्या दुकानात हजर झालो.

तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. मांडीवर भेंडाची, पाण्यातल्या झाडाची ती पांढरी कांडी, हातात रुंद पात्याची सुरी, आणि कांडीतून कागदासारखा पापुद्रा सुटत चाललेला. आतल्या बाजूला एक मुलगी बाशिंगावर बेगड चिकटवत आहे. तुम्ही मान वर न करता विचारता, "काय व्हया?"

"भेंड हवे."

"बाशिंगाक की मखराक?"

"विमानाला."

सुरी थांबते. "इमानाचां लगीन आसा? कोणावांगडा, बोटीवांगडा?"

आतली मुलगी हसली. मला राग आला, पण मी सभ्यपणे सर्व हकीकत सांगितली. भेंड विकत द्यायला तुम्ही तयार नव्हता, हंगामाचा साठा मोजका होता. मी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवले. तिच्यात कापताना उरलेले कपचे होते. "निदान हे द्या."

"ते कचरो नाय. देवाच्या नि नवऱ्याच्या डोक्यार चडता, त्याचोच तो भाग. फाल्गुन सरलो काय आमी तां दर्याक देतंव. दर्याक देवचां तां तुका कसां देव?"

मी म्हणालो, "शेवटी समुद्रालाच जायचे असेल, तर मधले काही दिवस ते हवेतून गेले तर काय बिघडले?"

तुम्ही माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. "वरीस सरायच्या आत दर्याक पोचवशीत?"

"पोचवीन."

"सबूद?"

"शब्द."

त्यानंतर मिलच्या सुट्टीला आणि हरताळाला मी तुमच्या दुकानात बसू लागलो. त्या वर्षी हरताळ पुष्कळ होत. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या थांबत, मोर्चे निघत. मोर्चाहून परतताना मी घशाला कोरड घेऊन तुमच्याकडे येई आणि तुमची मुलगी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवी. सुतार असल्याचा मला गर्व होता. पहिली कांडी मी हातात चुरा केली, तेव्हा तुम्ही सर्वांदेखत सुनावलेत, "मेल्या, लाकूड तासतंस काय? भेंडाक दाबूचां नसता. सुरी थंय ठेव नि भेंड फिरव." कांडी ओठाला लावून ओल पाहण्यासही तुम्हीच शिकवलेत, थंड लागली की परत उन्हात. आजही हातात काही हलके आले की माझा हात आपोआप ओठाकडे जातो आणि घरातली माणसे हसतात.

कण्याला आणि कडांना कामट्या, फासळ्यांना भेंड, वर पतंगाचा कागद, लावायला खळ, पुढचा पंखा पांगाऱ्याचा, रबर जुन्या किटमधले. विमान तयार झाले तेव्हा तुमच्या मुलीने त्याच्या नाकावर बोटाच्या पेराएवढी बेगड चिकटवली. मी म्हणालो, "वजन वाढेल." ती म्हणाली, "वाढू दे. नवरदेवासारखं दिसायला नको?" ती बेगड मी काढली नाही.

मैदानावर ते असे उडाले की घरी बसलेली मंडळी पुन्हा गोळा झाली. स्पर्धा भरवण्याचे ठरले, आणि ती फाल्गुन सरण्याच्या बरीच आधी होती. मी निश्चिंत होतो. पण त्याच रविवारी शहर बंद राहिले आणि स्पर्धा पाडव्यानंतर ढकलली गेली. हरताळाला माझा पाठिंबा होता, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? शब्दाप्रमाणे विमान अमावास्येला समुद्राला द्यायचे होते. दुसरे करण्याइतके रबर नव्हते आणि किट येण्याची आशा नव्हती. मी तुमच्याकडे मुदत मागितली. "थोडे दिवस, मामा." मामा म्हणायचा अधिकार तेव्हा मला नव्हता, तोंडून निघून गेले. तुम्ही ते ऐकलेत आणि मान हलवलीत. "जुन्या वर्साचां नव्यात नेवचां नाय. अवशेक ये. येळ तुका गावात ती." म्हणजे दिवस तुमचा, वेळ माझ्या सवडीची.

त्या अमावास्येला मी मिलमधून रजा घेतली. आपण संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर गेलो. तुम्ही, कपच्यांची टोपली घेतलेली तुमची मुलगी, आणि दोन्ही हातांवर विमान धरलेला मी. शिवाजी पार्कवरची सभा नुकतीच सुटली होती, माणसे वाळूत पांगली होती. तुम्ही टोपली पाण्यात रिकामी केलीत, ओहोटीने कपचे ओढून नेले. मग मी रबराला पीळ दिला, नाक समुद्राकडे केले आणि सोडले.

ते वर चढले. लाटांच्या वर जाऊन थांबल्यासारखे झाले, डावीकडे वळले, आणि आपल्या डोक्यांवरून परत येऊन मागे वाळूवर उतरले. मी पुन्हा सोडले. पुन्हा तेच. तोवर सभेचे लोक जमले होते. कोणीतरी ओरडले, "अरे, हे पण मुंबई सोडायला तयार नाही!" दुसरा म्हणाला, "दिल्लीला कळवा!" आणि मग सगळे एका सुरात, "झालाच पाहिजे!" तुमची मुलगी हसून हसून वाळूत बसली. एक मासेवाली कोळीण पाटी टेकवून बघत उभी होती. ती मला म्हणाली, "आरं बाबा, आता सोरून काय व्हनार? वारा दर्यावरशी येतंय. पाटंचे ये, जाईल सरल!" तुम्ही लगेच तिच्याकडे वळून विचारलेत, "गे बाय, पापलेटां कशी दिलंस?" आणि भाव न करता दोन घेतलीत. तिसऱ्यांदा विमान तुमच्या पायांपाशी उतरले. तुम्ही ते उचललेत, समुद्राला हात जोडलेत आणि माझ्या हातात दिलेत. "दर्याक नको आसा. दर्यान दिलेला परत करूचां नसता. घे."

पाडव्यानंतरच्या स्पर्धेत ते दुसरे आले. पहिले आलेले विमान महायुद्धाच्या आधीच्या बाल्साचे होते. त्यानंतर मैदानावर कोणी किटची वाट पाहिली नाही; मी मंडळींना भेंड फिरवायला शिकवले. पुढच्या वर्षी मी तुमच्या मुलीला मागणी घातली. तुमच्या भावांनी हरकत घेतली, गिरणीतला सुतार, विमाने उडवतो, म्हणून. तुम्ही त्यांना दिलेले उत्तर मी दाराबाहेर उभा राहून ऐकले: "उडवता तां खरां. पण आपली वस्तू दर्याक देवक इलो हुतो. सबूद पाळता तो." मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्या दिवशी आमचा थोरला मुलगा चालायला शिकत होता. भेंडाचे विमान पाळण्यावर टांगलेले होते.

आता वगळलेली गोष्ट. मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि चौथीच्या भूगोलात दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे होते. गुरुजींनी ते आमच्याकडून घोकून घेतले होते: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्रीपासून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे. त्या आठवड्यात मी दुसऱ्या पाळीला होतो. पहाट मला पूर्ण मोकळी होती. रजा घ्यावी लागली ती संध्याकाळसाठी. शब्द मी पाळला, परंतु वेळ वाऱ्याकडे पाहून निवडली. ज्या शब्दावर तुम्ही मुलगी दिलीत, तो शब्द इतकाच खरा होता.

हे मी गेल्या आठवड्यात प्रथम तुमच्या मुलीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अमावास्येला बाबा मासे शिवत नसत. ती पापलेटं त्यांनी शेजारणीला देऊन टाकली. मग घेतली कशाला? त्या कोळणीला गप्प करायला. ते आज कळलं तुम्हाला?" आणि तिने तांदूळ निवडायला पुन्हा सुरुवात केली. मामा, समुद्राकाठी जन्म घालवलेल्या माणसाला वारा कळत नाही, असे मी इतकी वर्षे कसे धरून चाललो, याचे उत्तर माझ्या चौथीत नव्हते.

थर्माकोलचे मखर बंद झाल्यापासून तुमच्या धाकट्या भावाच्या नातवाला भेंडाच्या कामातून मान वर करायला सवड नाही. परवा मी नातीला त्याच्याकडे नेले. त्याने टोपलीभर कपचे दिले आणि तुमचीच अट घातली. नात कांडी दाबू लागली तेव्हा मी काय म्हणालो, ते तुम्हाला सांगायला नको. तिची स्पर्धा पाडव्याच्या नंतर आहे. काल पंख जोडता जोडता तिने खाली मान घालून विचारले, "आजोबा, अमावास्येला पहाटे जायचं, की संध्याकाळी?" मी वगळलेले तिने आजीकडून काढून घेतले होते.

मी म्हणालो, संध्याकाळी.

हा कागदही त्या टोपलीत ठेवून समुद्राला द्यावा, असे मनात होते. देत नाही; तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होते. कपाटात ठेवतो.

समक्ष हजर: तुमची मुलगी, तेव्हा वाळूत बसलेली, सध्या स्वयंपाकघरात. एक कोळीण, नाव ठाऊक नाही, तिचे म्हणणे खरे होते. सभेहून परतणारी माणसे, पुष्कळ. आणि तुम्ही स्वतः, हातात पापलेटे.