लेकीसाठी मित्रमंडळ

३ मे
नव्या सोसायटीत येऊन महिना होत आला, लेकीला अजून एकही मैत्रीण नाही. आठ वर्षांची पोर, नुसती सोफ्यावर पाय हलवत बसते. ही म्हणाली, "जमेल तिचं हळूहळू, तुम्ही मधे पडू नका." हिला काय ठाऊक? ऑफिसात मी मोठमोठ्या माणसांना टीमवर्क शिकवतो. उद्यापासून संध्याकाळी खाली जाणार. जातीने.

४ मे
झकास सुरुवात. शिट्टी नेली होती. पोरांचा नुसता गोंधळ! नियम समजावले, दोन टीम पाडल्या, लेकीला कॅप्टन केलं. भांडणं मीच मिटवली. एक दात पडलेली मुलगी म्हणाली, "काका, आमचं आम्ही मिटवतो." गोड आहे. तिला बाहेर बसवलं.

९ मे
मी जिना उतरलो की मैदान एकदम गप्प होतं. याला म्हणतात शिस्त.

१२ मे
खाली चिटपाखरू नाही. झोपाळा मात्र हलत होता, आत्ताच कुणी उतरल्यासारखा. परीक्षा असतील. वॉचमन म्हणाला, साहेब, शाळांना सुट्टी आहे.
लेक सी-सॉच्या एका टोकावर बसून समोरच्या रिकाम्या टोकाशी बोलत होती. जवळ गेलो. ती म्हणत होती, "चला, आता हात मिळवा बघू." शब्द माझे, सूरही माझाच. अंगावर काटा आला. वारं होतं.

१५ मे
लेक म्हणाली, बाबा, आज मी एकटीच जाते. जाऊ दिलं. मागोमाग उतरलो, नुसतं बघायला.
मैदान रिकामं. हसणं मात्र ऐकू येत होतं. पार्किंगमध्ये शिरलो तर कुणीतरी ओरडलं, "आले! पळा!" पावलांची धावपळ, मग चिडीचूप. गाड्यांमधून फिरलो. लेकीला हाका मारल्या. ओ नाही. खांबामागे कुणाला तरी हसू आवरेना, तोंडावर हात दाबूनही. इतकं मनापासूनचं हसू आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं.
"पळा" म्हणणारा आवाज ओळखीचा वाटला. पार्किंगमध्ये आवाज घुमतात, त्यामुळे असेल.
तासाभराने लेक घरी आली. गुडघा फुटलेला, गाल लाल. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१६ मे
ही म्हणाली, "झाल्या ना मैत्रिणी?" झाल्या. माझ्या मार्गदर्शनाखाली, असं म्हणायला हरकत नाही.
आज खाली गेलो नाही. गॅलरीत उभा राहिलो, एवढंच. लेकीने वर पाहिलं, दात पडलेलीच्या कानात काहीतरी सांगितलं. सगळी पोरं जागच्या जागी थिजली, माझ्याकडे बघत. लेकसुद्धा.
ही म्हणाली, "आत या. दार लावून घ्या."
लावलं. खाली लगेच खेळ सुरू झाला.