माजुलीच्या दोन अटी

कोल्हापूर,
४ सप्टेंबर २०२४

सौ. क्रांतीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. बाळासोंच्या गुडघ्याला आराम पडला असेल असं धरून चालते. गौरी-गणपतीच्या गडबडीत तुम्हाला वाचायला वेळ नसणार, म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

फोन न करता पत्र का, हे तुमच्या लक्षात आलं असेल. निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांना मेसेज पाठवू नयेत, असं आमच्या वकिलांनी बजावलं आहे. तुमच्याही वकिलांनी तेच सांगितलं असणार. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. अजून कुणी पत्र लिहितं हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. हे पत्र तुम्हाला कोर्टात द्यावंसं वाटलं तर खुशाल द्या. त्यात बोटीची माहिती सापडेल.

विषय माजुलीचा. गेल्या वर्षी गोव्यातून दिवाडी बेट करून परत येताना आंबोलीत चहाला थांबलो, तेव्हा ठरलं होतं की पुढचं बेट ब्रह्मपुत्रेतलं. ठरलेलं मोडायची मला सवय नाही. सगळी चौकशी केली आहे.

आपल्या मोटरसायकली रेल्वेनं पाठवायच्या म्हणजे पेट्रोल काढा, पॅकिंग करा आणि त्या कधी पोचतील याची वाट बघत बसा. ते नको. पुण्याहून विमानानं गुवाहाटी, आणि तिथं भाड्यानं गाड्या. मालकाशी बोलले. तो आधी म्हणाला, "आंटी, स्कूटी देतो." मी म्हणाले, स्कूटी तुमच्याकडेच ठेवा. गुवाहाटीहून जोरहाट, मध्ये काझीरंगापाशी मुक्काम. तिथं रस्त्यावर जनावरं येतात, वेग कमी ठेवायचा. हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. जोरहाटजवळच्या घाटावरून बोट निघते आणि त्याच बोटीत गाड्या चढवतात. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, बोट वाळूला लागते, वेळेचा भरवसा नाही. तिकडे पाचच्या आत अंधार पडतो, म्हणून सकाळचीच बोट धरायची. गाडी चढवायला फळी टाकतात. दिवाडीला तुमच्या हँडलला हात लावणाऱ्या माणसाला तुम्ही म्हणाला होता, "पावणं, हात काढा, गाडी माझी हाय." इथं तसं म्हणू नका. फळी अरुंद असते.

तिथल्या रासाच्या उत्सवाला फार गर्दी होते, म्हणून तो आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जायचं. राहायला खांबांवर उभी केलेली बांबूची घरं मिळतात. जेवणात भात. भातानं तुमचं पोट भरत नाही हे मला माहीत आहे. चटणी मी घेते, भाकरीचं पीठ तुम्ही घ्या.

आमचे हे म्हणाले, "दोघी विहिणी बेटावर जाणार, तिथं वाजलं तर बोट येईपर्यंत करणार काय?" वाजायचं काही कारण नाही, कारण माझी एक अट आहे. मुलांचा विषय काढायचा नाही. माझ्या राजवीरचा आणि तुमच्या पूर्णिमाचा चार वर्षांचा संसार होता, तो संपला. घटस्फोटाच्या अर्जावर सही दोघांनी केली आहे. आपण दोघींनी बोलून त्यात काही बदलणार नाही. जाताना नाही, येताना नाही, बेटावर नाही.

राजवीर इथंच आहे. बरा आहे.

होकार कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

आपली,
संयोगिता


कोल्हापूर,
२९ सप्टेंबर २०२४

सौ. क्रांतीताई यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, "महापुरात आमचं कुरुंदवाडच बेट हुतंय. बेट बघायला एवढ्या लांब कशाला जायाचं?" ह्यांना वाचून दाखवलं, ते हसले. त्याखाली जे लिहिलं आहे ते वाचून दाखवलं नाही. "तुमची अट मला मान्य न्हाय. तोंडाला कुलूप घालून मी एवढ्या लांब येत न्हाय. भांडायचं आसंल तर येतो."

मी शिरोलीच्या फाउंड्रीत खरेदी विभागात तीस वर्षं काढली. समोरचा अट घालतो, आपण घालतो, मध्ये कुठंतरी जमतं. पण माल देण्याच्या बदल्यात भांडण मागणारा मला तिथंही कुणी भेटला नाही.

तुम्ही असंही विचारलं आहे की निकालानंतर आपण एकमेकींच्या कोण. बाळासो म्हणतात म्हणे, "पोरीचा संसार मोडला आणि आय तिच्या सासूसंगं गाड्या उडवत हिंडणार? गाव काय म्हणंल?" गाव काय म्हणेल ते गावाला विचारा. मला एवढं आठवतं की लग्नात रीतीप्रमाणे तुम्ही माझे पाय धुवायला बसलात, मला ते सगळं नकोसं झालं होतं, आणि हातातला तांब्या तसाच धरून तुम्ही माझी पोटरी बघत म्हणालात, "विहीणबाई, ह्यो सायलेन्सरचा चटका न्हवं? कुठली गाडी?" सगळा मांडव ऐकत होता. मी म्हणाले, बुलेट. तुम्ही लुगडं वर करून स्वतःचा डाग दाखवलात. माझ्या नणंदा अजून त्या गोष्टीवरून तोंड वाकडं करतात. त्या दिवशी आपण विहिणी होतो म्हणून ते झालं, हे खरं. त्यानंतरचं सगळं विहिणी होतो म्हणून झालं, असं मला वाटत नाही.

भांडायचं म्हणता. कशावरून? मी भांडत नाही. आमच्या घरी आवाज चढवायची पद्धत नाही.

राजवीर बरा आहे असं लिहिलं होतं. तो बरा नाही. गुढीपाडव्याच्या आधी दोन बॅगा घेऊन पुण्याहून आला, तो इथंच आहे. काम घरून करतो म्हणतो. दुपारी बघावं तर लॅपटॉप बंद आणि हा गॅलरीत. ताट नेऊन ठेवावं, तसंच परत आणावं. पस्तिशीला टेकलेला माणूस. त्यानं कुणाला मारलं नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. तुमच्या मुलीनं जानेवारीत सांगितलं, मला इथं राहायचं नाही, आणि बंगळूरची नोकरी धरून गेली. कारण काय, तर "करमत नाही." करमत नाही म्हणून कुणी घर सोडतं का? मग अर्ध्या कोल्हापुरानं सोडायला हवं.

बघा, झालं तुमच्या मनासारखं. म्हणून अट घातली होती.

तुम्हाला यायचं नसेल तर आग्रह नाही. भाड्याची गाडी एकच सांगते. मी एकटी जाईन.

संयोगिता


कोल्हापूर,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय क्रांतीताई,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागला, तुम्हालाही कळलाच असेल. आता फोन करायला कुणाची हरकत नाही. तरी पत्रच लिहिते, कारण फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि हे मला एका दमात सांगायचं आहे.

गेल्या गुरुवारी तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात. राजवीरनं मला सांगितलं की मामी आल्या होत्या, तू बाजारात होतीस. मी बाजारात नव्हते. मी जिन्यात होते.

भाजी घेऊन आले तर खाली तुमची गाडी उभी, दुधाच्या कॅनचे हूक लावलेली. वर चढले. दार लोटलेलं होतं आणि तुम्ही विचारत होता, "सकाळी काय खाल्लंस?" तो म्हणाला, पोहे. "खोटं. ताट तसंच हाय की." मी तिथंच थांबले. भाजीची पिशवी पायरीवर टेकवली.

मग तुम्ही म्हणालात, "पावणं म्हणायची सवय हाय, पण आता राजवीर म्हणतो. बोल की रं. माझ्या पोरीनं तुझं वाईट केलं का न्हाय?"

"मामी, जाऊ दे."

"जाऊ दे काय? मी कुरुंदवाडास्नं गाडी मारत आलो ते जाऊ दे ऐकायला?"

तुम्ही गप्प बसू शकता हे मला त्या दिवशी कळलं. मग तो म्हणाला की तिनं एकदा तरी सांगायला हवं होतं, चार वर्षं हसत होती, त्याला काय कळणार. आणि तुम्ही, ज्या घरच्या पोरानं सहा महिने धड अन्न खाल्लं नाही त्याच घरात बसून, सरळ म्हणालात, "सांगितलं हुतं तिनं. लई येळा सांगितलं. तू त्या लॅपटॉपमधनं मुंडी वर काढलीस व्हय?"

"खोटं बोलताय तुम्ही!"

माझ्या मुलाचा तो आवाज मी शाळेपासून ऐकला नव्हता. समोरच्या तानाबाईंनी दार उघडून बघितलं. मी त्यांना खुणेनं आत जायला सांगितलं. आत तुम्ही म्हणत होता, "आणि जोरात. हितनं पंचगंगेपतोर जाऊ दे." तो ओरडला. काय काय ओरडला ते लिहीत नाही. त्यातलं काही पूर्णिमाबद्दल होतं, ते तुमच्या जागी मी ऐकून घेतलं नसतं. शेवटी रडला. तुम्ही त्याची समजूत घातली नाही. म्हणालात, "आता जेव. मग परत भांडू. माझी बाजू अजून ऱ्हायलीया."

त्यानंतर ताटाचा आवाज आला. मी खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे उभी राहिले. तुमची गाडी गेल्यावर वर आले.

दुसऱ्या दिवशी राजवीर माझ्याशी भांडला. बटाट्याच्या भाजीवरून सुरू झालं. ह्यांनी पेपर घेऊन गच्ची गाठली. भाजीवरून पूर्णिमावर गेलं आणि तिथून माझ्यावर आलं. तो म्हणाला, "एवढ्या महिन्यांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, काय झालं म्हणून." मी म्हणाले, तुला त्रास होईल म्हणून. तो म्हणाला, "मला नाही. तुला होईल म्हणून."

ह्याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. ते द्यायला गेले तर तो घरी नव्हता. माझी बुलेट घेऊन पन्हाळ्याकडे गेला होता, न विचारता. परत आल्यावर क्लचबद्दल चार शब्द ऐकवून गेला. क्लच खरोखर बिघडला आहे.

तेव्हा तुमची अट मान्य. गाड्या दोन सांगितल्या आहेत, तिकिटं काढली आहेत, सतरा तारखेला पुण्याहून सकाळचं विमान आहे. बाळासोंना गाव काय म्हणेल याची काळजी असेल तर राजवीर स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेल म्हणतो. भाकरीचं पीठ विसरू नका.

आता आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथं आल्यावर फसवल्यासारखं वाटायला नको. तुमच्या मुलीला मी माफ केलेलं नाही. तुम्ही तिची बाजू सांगाल, मी ऐकून घेईन, आणि तरीही करणार नाही. ती दर रविवारी मला फोन करायची. काय शिजवलं, कुठं गेलात, गाडीचं सर्व्हिसिंग झालं का. माझा स्वतःचा मुलगा इतकं विचारत नाही. जाताना तिनं त्याला सांगितलं, तुम्हाला सांगितलं, वकिलाला सांगितलं. मला नाही. नंतरच्या रविवारी मी फोन शेजारी ठेवून बसले होते. त्याच्या पुढच्याही. आजवर मी समजत होते की माझा राग राजवीरच्या वतीनं आहे. त्यातला अर्धाच त्याचा आहे, उरलेला माझा.

तिला हे कळवू नका. माझं मी बघेन, किंवा बघणार नाही.

इतकं कुणाला लिहायची मला सवय नाही. कागद फाडून टाकावा असं दोनदा वाटलं. उरलेलं समोर बसून बोलेन. सुरुवात मी करणार, आणि माझं पुरं होईपर्यंत तुम्ही मध्ये बोलणार नाही. मग तुमचं. कितीही वेळ लागू दे, कितीही मोठ्यानं. तिथं आपली भाषा कुणाला कळत नाही.

मला भांडता येत नाही. शिकवा.

तुमची,
संयोगिता