ओली खळ

दुधनी, चैत्र शुद्ध १२, शके १८५०

चि. बिरप्पा यास मायाक्काचे आशीर्वाद वि. वि. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले, मनातून नाहीत. अक्षर माझ्या कस्तुराचे आहे, राग माझा आहे. एक शब्द गाळायचा नाही, असे तिला बजावले आहे.

पोरीच्या लग्नाचे आवतण घेऊन मी आगगाडीने सोलापूरला आले. तू गल्लीत घोंगडीचा ताणा ताणून खळ लावत होतास. मी हाक मारली. तू मान न वळवता नुसता हात वर केलास, भिकारणीला पुढे जा म्हणतात तसा. सख्खी बहीण उन्हात उभी आणि तुझे डोळे लोकरीवर! तुझ्या घरचे पाणीही न पिता मी परतले. वैशाखात कस्तुराच्या मागे मामा म्हणून आपला चुलत भाऊ धोंडीराम उभा राहील. तू बस घोंगड्या विणत.

मायाक्का

सोलापूर, चैत्र वद्य २

ती. आक्कास बिरप्पाचा नमस्कार वि. वि. हात वर केला तो थांब म्हणून, जा म्हणून नव्हे. लहानपणी चिंचोक्याची खळ तूच शिजवायचीस. ती ओली असताना कुंचा थांबला की धागे चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो, हे आता मी तुला शिकवायचे का? दिवसाचे मुख्य काम हातात असताना देव दारात आला तरी मान वळवायची नाही, हे आप्पांनीच मला सांगितले. म्हणून त्यांच्यामागे हा माग चालू आहे. काम आटोपून मी उठणारच होतो. तुला तेवढा दम निघाला नाही.

धोंडीरामाला खुशाल उभा कर. अक्षता पडायच्या आधी तो पंगतीत बसलेला असेल. कस्तुरे, हे आईला मोठ्याने वाचून दाखव. लोभाचे काही लिहीत नाही.

बिरप्पा

दुधनी, चैत्र वद्य ६

बिरप्पा, आज आशीर्वादही नाहीत. आप्पांचे नाव काढलेस म्हणून लिहिते.

आप्पांची घरघर लागली तेव्हा तुला बोलवायला मी धावत गल्लीत आले होते. तेव्हाही खळ ओली होती. तेव्हाही तू असाच हात वर केलास. मी थांबले. आप्पा थांबले नाहीत. तुझे नाव घेत गेले. त्यांनीच शिकवलेले तू करत होतास, म्हणून मी इतकी वर्षे तोंड उघडले नाही. आता त्या हाताचा अर्थ मला सांगू नकोस. कस्तुरा रडते आहे, अक्षर फिसकटले असेल. उत्तराची वाट पाहत नाही.

मायाक्का

सोलापूर, चैत्र वद्य १०

ती. आक्कास शि. सा. नमस्कार वि. वि. पोस्टमनने तुझे पत्र ताण्यापाशीच आणून दिले. खळ ओली होती. त्यालाही हात वर करणार होतो, तोच कस्तुराचे अक्षर दिसले. वाचले आणि कुंचा पुन्हा उचलवेना. ताणा उन्हात वाळून कडक झाला. कस्तुराला आहेरात द्यायची घोंगडी होती ती.

आप्पा माझे नाव घेत होते, हे तू तेव्हाच का सांगितले नाहीस? या गोष्टीचा मला फार राग आहे आणि तो लग्नानंतरही राहील. मामा मात्र मीच उभा राहणार, धोंडीरामाला तसे कळव.

चार दिवसांनी, हे पत्र पोचल्यावर, गाडीने रिकाम्या हातांनी येतो. तू कामात असशील. मला पाहून हात वर केलास, तर तो खाली येईपर्यंत मी दारात थांबेन.

तुझा बिरप्पा