टेकडीच्या वरच्या अंगाची जागा

मी, नबीलाल वल्द बाबुलाल पिंजारी, वय अडुसष्ट, राहणार कोळवाडी, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. राहतं घर, विहिरीजवळचं शेत आणि शेळ्या यांची वाटणी मुलगा जैनुद्दीन व मुलगी मुमताज यांच्यात शरियतप्रमाणे व्हावी. आमच्यात तिसऱ्या हिश्श्यापुरतंच आपल्या मर्जीनं देता येतं. माझी मर्जी तेवढ्यात मावते.

२. ती मर्जी म्हणजे टेकडी. मुळा धरणात पाणी साठलं तेव्हा खालची जमीन बुडाली आणि टेकडीचं बेट झालं. उतारावर माझी बायको बद्रुन्निसा हिची कबर आहे. लाटा काठ खाऊ लागल्या, पाणी कबरीकडे सरकू लागलं, मला घास गोड लागेना. चुलतभाऊ फक्रुद्दीनच्या हट्टानं आम्ही काठाला दगडांचा बांध रचला. आम्ही शेताला बांध घालणारी माणसं, वरून वाहून येणारं पाणी अडवायला शिकलेलो. खालून येऊन परत जाणारं पाणी पाहिलंच नव्हतं. लाट दगडांमागे शिरायची आणि जाताना माती घेऊन जायची.

काठाची झीज अभ्यासायला राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पुष्पावती कोल्हे येत. खुंट्या ठोकून वारा, लाट, माती यांची मापं घेत. दगड काढून वाळ्याचं गवत लावा, त्याची खोल मुळं माती धरतील म्हणाल्या, तेव्हा मी भडकलो.

"बाई, हितं माझं मानूस निजलंय. तुमचे परयोग दुसरीकडं करा."

त्या रागावल्या नाहीत. "चाचा, काठ गेला तर माझ्या नुसत्या खुंट्या जातील. तुमचं काय जाईल, ते कळतं मला."

पुढं दुष्काळात पाणी खाली गेलं, तेवढी उसंत मिळाली. दगड उपसले, घागरींनी वाळा जगवला. लोक हसले, हसू देत. गेल्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं, वारा घोंघावला, पण काठ जागचा हलला नाही. कबरीपाशी बसून मी मोकळा रडलो.

ही टेकडी, होडीसह, अभ्यासासाठी पुष्पावतीबाईंना देतो. गवतात शेळ्या सोडू नयेत. यात जैनुद्दीनच्याही आल्या.

३. उपसलेले सर्व दगड फक्रुद्दीनला देतो. त्याने ते स्वतः वाहून न्यावेत.

४. मला बद्रुन्निसाशेजारी ठेवावं. हे बोलायला मी फार दिवस भीत होतो, कारण खड्ड्यानं काठ सैल झाला तर तिलाच धोका. शेवटी बाईंना विचारलं. त्यांनी माती तपासली, मुळं पाहिली.

"वरच्या अंगाला खुशाल जागा आहे, चाचा. मुळांना धक्का लागत नाही."

मी जाऊन पाहिली. आडवा होऊनही पाहिलं. पाय मावतात.

लिहून देणार: नबीलाल बाबुलाल पिंजारी

समक्ष साक्षीदार:
गोरक्षनाथ सखाराम धसाळ
छबूबाई रंगनाथ म्हसे (अंगठा)

मुक्काम कोळवाडी, दिनांक १० फेब्रुवारी १९७४